शनिवारपर्यंत ऐकू यावे म्हणून

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
कान-नाक-घसा विभाग,
शासकीय रुग्णालय.

विषय : अर्जदारास ऐकू येऊ लागल्याचे प्रमाणपत्र उद्या, शनिवारपर्यंत मिळणेबाबत.

संदर्भ : पुढील महिन्यातील मोफत श्रवणयंत्र शिबिर व त्यातील अर्जदाराची नोंदणी (जी अर्जदाराने केलेली नाही).

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार व्यवसायाने न्हावी असून वयोमानानुसार दुकान पुतण्याच्या हवाली केलेले आहे. अर्जदाराची ख्याती वस्तऱ्यापेक्षा जिभेची. वादळात दुकानाचे छप्पर उडाले, पाठोपाठ गिऱ्हाईक खुर्चीसकट वर गेले, आणि अर्जदाराने खुर्चीच्या दांड्याला लोंबकळत त्याची राहिलेली अर्धी दाढी हवेतच उरकली, हा प्रसंग साहेबांच्या कानावर आला असेलच. तो खरा आहे. निदान खुर्ची तरी खरी आहे, दुकानात केव्हाही पाहावयास मिळेल. अशा हकिकती ऐकण्यासाठी लोक केस वाढायचीही वाट न पाहता येत असत. अर्जदारास सर्वत्र ‘भोंगा’ म्हणतात ते यामुळेच.

२. दुकानासमोरील इमारतीच्या व्हरांड्यात एक बाई रफूचे काम करतात. जळके कोट, कुरतडलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी त्यांच्याकडे येतात आणि काही झालेच नव्हते अशा थाटात परत जातात. बाई एकट्या आहेत, अर्जदारही एकटा आहे. त्यांची मान तिरकी करून सुई ओवण्याची जी पद्धत आहे, तिच्यावर अर्जदाराचे मन बसले. या वयात असे होते काय, याबाबत विभागाचा अभिप्राय मागविलेला नाही.

३. बाईंच्या नजरेत भरावे म्हणून अर्जदाराने स्वतःत पुढीलप्रमाणे सुधारणा केल्या. केसांना कलप लावला, तो उन्हात जांभळा दिसू लागला. पुतण्या म्हणाला, “काका, पार वांगं झालंय तुमचं.” पांढरे बूट घेऊन सकाळी फिरणे सुरू केले. माउथ ऑर्गनही शिकून पाहिला, तो शेजाऱ्यांच्या विनंतीवरून थांबविला. बाईंनी मान वर केली नाही. अखेर कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून खरे कारण समजले. बाई त्याला म्हणाल्या होत्या, “माणूस वाईट नाही हो, पण ते तोंड आहे का गळका नळ? आमचे हे असेच होते. मी वाक्य सुरू करायची आणि संपवायचे ते. उभ्या संसारात माझं एक वाक्य माझ्या तोंडून पुरं झालं नाही.”

४. यानंतर अर्जदाराच्या कानांत सर्दी उतरली व डॉक्टरांनी दोन्हीकडे कापूस कोंबला. तशा अवस्थेत अर्जदार व्हरांड्यातील बाकावर गप्प बसला असता बाईंनी काही विचारले. ते ऐकू न आल्याने अर्जदार नुसता हसला. बाईंनी कापसाकडे पाहिले, “अरे देवा” अशी ओठांची हालचाल केली, आणि बाकावरचा कपड्यांचा ढीग उचलून अर्जदाराला नीट बसायला जागा करून दिली. साहेब, अशी जागा अर्जदाराला कोणी, कधीही करून दिलेली नव्हती. पुढे कापूस निघाला. बहिरेपणा तेवढा अर्जदाराने ठेवून घेतला.

५. बहिरा होणे सोपे आहे अशी कोणाची समजूत असल्यास ती चुकीची आहे. मागून रिक्षा हॉर्न वाजवीत असता वळून पाहता येत नाही. माडीवरून कोणी “अहो सरका!” असे ओरडले तरी सरकता येत नाही, कारण समोर बाई बसलेल्या असतात. परिणामी कुंडी अर्जदाराच्या डोक्यावर पडली व आपल्याच रुग्णालयात टाके पडले. ते पाहून बाई स्वतःशी म्हणाल्या, “कुणी घातलेत हे टाके? पोतं शिवल्यासारखे. मी घातले असते तर दिसलेसुद्धा नसते.” यात रुग्णालयाचा अवमान करण्याचा अर्जदाराचा हेतू नाही, परंतु त्यांचे बरोबर आहे. दुकान व्हरांड्याच्या समोरच असल्याने तेथील हकिकतीही बंद कराव्या लागल्या. गिऱ्हाइके कमी झाली. पुतण्या म्हणतो, “काका, बहिरे झालात ते झालात, निदान मुके तरी होऊ नका.”

६. बाई मात्र बोलू लागल्या. सुईवरची नजर न काढता, हळू आवाजात, संध्याकाळचा उजेड असेपर्यंत त्या बोलत असतात. काय बोलतात ते या अर्जात लिहिले जाणार नाही, साहेबांनी नोटीस काढली तरी. एवढेच नमूद करतो की, त्या गोष्टी माणूस माणसाला सांगत नाही, भिंतीला सांगतो. अर्जदार त्यांची भिंत होता. जन्मभर खोट्या हकिकती सांगितलेल्या या माणसाने प्रथमच खऱ्या ऐकल्या, आणि मधे एकदाही तोंड घातले नाही. त्या प्रत्येक वाक्य पुरे करीत असत. पुरे झाले की थोडा वेळ थांबत. ते थांबणे अर्जदाराला फार आवडे.

७. अर्जदाराची कीव येऊन बाईंनीच रुग्णालयाच्या शिबिरात त्याचे नाव दिले आहे. तपासणीत कान ठणठणीत निघणार म्हणून अर्जदार हवालदिल झाला होता व शिबिर रद्द व्हावे असा अर्ज करण्याच्या विचारात होता. तो विचार आता सोडून दिला आहे. त्याचे कारण पुढे येते.

८. गेल्या मंगळवारी बाई म्हणाल्या की, परवाच्या रविवारी सकाळी लेक आणि जावई त्यांना कायमचे न्यायला येणार आहेत. “लेकीचं प्रेम आहे हो. पण ती म्हणते, आता डोळ्यांना ताण नको, सुई हातात धरायची नाही. मग मी तिथे हाताचं काय करू?” एवढे बोलून त्या उठल्या, अर्जदाराकडे पाठ करून दोऱ्याची रिळे डब्यात भरू लागल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मी राहू का हो इथेच?”

त्यानंतर त्या थांबल्या.

साहेब, पाठमोऱ्या माणसाचा प्रश्न बहिऱ्याला ऐकू येत नाही. अर्जदार समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. बाईंनी डब्याचे झाकण लावले.

९. अर्जदाराने तेव्हाच बोलावयास हवे होते, असे कोणीही म्हणेल. परंतु बोलल्यास या माणसाने आजवरचे सर्व काही ऐकले आहे हे त्यांना कळेल, आणि ज्यांचे एकही वाक्य कोणी पुरे होऊ दिले नाही, त्यांची सर्व वाक्ये चोरून ऐकली असे होईल. जाण्याची बातमीही त्यांनी दुसऱ्या कोणाला सांगितलेली नाही, त्यामुळे बाहेरून कळली असे म्हणायचीही सोय नाही. आपल्याकडून यंत्र बसले व प्रमाणपत्र मिळाले, तर मात्र अर्जदार आजपासून ऐकणारा ठरेल. मागचे ऐकलेले राहणार नाही. मग अर्जदार यंत्र लावून व्हरांड्यात जाईल, बाकावर बसेल, आणि त्या पुन्हा विचारीपर्यंत वाट पाहील.

१०. तरी शिबिराची वाट न पाहता अर्जदारास तातडीने एक यंत्र द्यावे. नादुरुस्त असले तरी हरकत नाही, कारण ते चालू करण्याची आवश्यकता नाही. सोबत प्रमाणपत्र द्यावे. जो प्रश्न अर्जदारास ऐकू आलेला आहे, त्याचे उत्तर देता यावे, एवढीच प्रार्थना आहे. उत्तर एका शब्दाचे आहे. अर्जदाराने आयुष्यात यापेक्षा लहान काहीही सांगितलेले नाही.

आपला विश्वासू व तूर्तास बहिरा,
(सही)
न्हावी (निवृत्त), ऊर्फ भोंगा
शुक्रवार

सोबत : टाक्यांचा कागद, कानांतून निघालेला कापूस (पुडीत).

ता. क. : अर्ज आवक खिडकीवर दिला असता साहेब रजेवर असून सोमवारी येतील असे समजले. तरीही तो दाखल करून घ्यावा. खिडकीवरील मॅडमनी अर्ज उभ्यानेच शेवटपर्यंत वाचला व डोळे पुसून म्हणाल्या, “अहो काका, कागद कसला मागताय? रविवार परवावर आलाय. आत्ता जा आणि ‘राहा’ म्हणा की त्यांना!” मॅडम हे मोठ्याने, दोनदा म्हणाल्या. त्यावर अर्जदाराने सवयीप्रमाणे कानामागे हात नेला आणि नुसता हसला. अर्जदार खराखुरा बहिरा आहे, याबाबत कार्यालयाची यावरून खात्री पटावी.