कुटुंब निवृत्तिवेतन आणि हीट पंप

मी, सुधाकर विनायक देवस्थळी, वय त्र्याहत्तर, निवृत्त सरकारी अभियंता, मूळचा साताऱ्याचा, हल्ली मुक्काम न्यू लिन, ऑकलंड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दडपण आणणारी व्यक्ती घटस्फोट घेऊन मनुरेवाला राहते.

कलम १. माझ्यामागे याची अंमलबजावणी माझी मुलगी अस्मिता करील. गॅरेजमधली माझी हत्यारे तिच्याच घरात राहतील. जावयाने ती वापरावीत, पण आधी शिकून घ्यावे.

कलम २. बँकेतली सर्व शिल्लक माझी घटस्फोटित पत्नी नीलिमा हिला द्यावी. ती नको म्हणेल. पुन्हा विचारावे. साड्यांच्या दुकानातला माझा अनुभव आहे, शेवटी घेते.

कलम ३. माझे पेन्शन मात्र मला कोणाच्या नावे करता येत नाही. माझ्यामागे ते कुटुंब निवृत्तिवेतन म्हणून पत्नीला मिळते, घटस्फोटित पत्नीला छदामही नाही. माझी बदली झाली की नीलिमा शाळेतली नोकरी सोडून माझ्यामागे येई, त्यामुळे तिचे स्वतःचे पेन्शन झालेच नाही. हे सरकारला कळवायला अर्जात रकाना नाही. इथे घटस्फोटाआधी दोन वर्षे वेगळे राहावे लागते. तेवढ्या काळात आम्हा दोघा शिकलेल्यांना हा नियम वाचायला सवड झाली नाही. आज ती लोकांना पोळ्या करून देते. मी गेल्यावरही ती लाटतच राहील, याची मला फार भीती वाटते. बोलताना हे जमत नाही, म्हणून लिहिले.

कलम ४. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी माझा हयातीचा दाखला पाठवावा लागतो. आठवण नीलिमाच करते. "अहो, आहात ना? मग दाखला पाठवा," एवढेच फोनवर बोलते आणि मग स्वतःच ट्रेनने येऊन कागद तपासते. माझ्या मरणाने जिला पेन्शनचा एक रुपया मिळायचा नाही, तिलाच माझ्या जगण्याची सर्वांत जास्त काळजी.

कलम ५. घटस्फोटाचे कारण आम्ही सर्वांना 'मतभेद' असे सांगितले. मतभेद घर गरम ठेवणाऱ्या हीट पंपावरून होते. मी अठरावर ठेवायचो, ती बावीसवर. वीस कोणीच सुचवले नाही. हरवलेला रिमोट चहाच्या डब्यामागे आहे, तो तिला द्यावा.

कलम ६. वकीलबाई म्हणतात, मी पुन्हा लग्न केले तर हे मृत्युपत्र आपोआप रद्द होईल. अस्मिता खूश होऊन इथल्या बोलीत म्हणाली, "स्वीट अ‍ॅज, बाबा! पण आईला विचारलंस का?" विचारलेले नाही. म्हणून इथे लिहितो, की नीलिमाने माझ्याशी पुन्हा लग्न करावे. पेन्शनसाठी म्हणून करावे. माझ्यासाठी केले तरी मी हरकत घेणार नाही. हे मृत्युपत्र रद्द व्हावे, हीच माझी शेवटची इच्छा.

ठिकाण: न्यू लिन, ऑकलंड
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५

सही: सुधाकर विनायक देवस्थळी

आमच्या दोघांच्या समक्ष सही केली:
१. चिराग पटेल, कोपऱ्यावरच्या डेअरीचे मालक
२. वसुंधरा कर्णिक, नर्स, शेजारी

(नीलिमा दाखल्यासाठी आली असता तिने वरील मजकूर वाचला. सही कोणी मागितली नव्हती, तरी पेन घेऊन पुढील ओळ लिहिली.)

वाचलं. रद्द करायला माझी हरकत नाही. हीट पंप बावीसवर.
— नीलिमा