विहिरीजवळची चिवळ

तारोडी,
२४ मार्च २०२५

चि. संचितास अनेक आशीर्वाद.

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. तोंडून भलतंसलतं गेलं असतं, म्हणून लिहितेय. होळीला तू मळ्यात आलीस, विहिरीजवळ आपोआप उगवलेली चिवळ बघून हरखलीस. भाचीला रानभाजी ओळखता आली, म्हणून मलाही कौतुक वाटलं. डाळ घालून भाजी केली, तू दोनदा वाढून घेतलीस. पण फोटो पत्त्यासकट सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला कुणी सांगितलं होतं?

काल दोन गाड्या भरून माणसं आली. मी उत्तनच्या बाजारातून परतले तो वाफा उघडाबोडका! अगं, चिवळीचे शेंडे खुडायचे, मूळ राहू द्यायचं, म्हणजे ती पुन्हा फुटते. माझ्या आईने जन्मभर तेच केलं. चैत्रात पाणी खाली जाऊन पेरलेली भाजी सुकते, तेव्हा हीच आमच्या ताटात असते. तुझ्या सोसायटीतल्या त्या मैत्रिणीने, सलोनीने, ती मुळासकट उपटली आणि वर मलाच सांगितलं, की आंटी, तुमचं तण फुकटात काढून दिलं. तण!

यंदा ताटात काय वाढू? तूर्त इकडे येऊ नकोस.

रागावलेली, तरी तुझीच
वासंतीआत्या

हाटकेश,
२ एप्रिल

ती. वासंतीआत्यास शि. सा. न.

सलोनीशी कडाक्याचं भांडले. एवढीशी पानं कोण निवडत बसणार, म्हणत तिने अर्धी पिशवी कचऱ्यात टाकली होती! मी ती उचलून सोसायटीच्या बागेत लावली, रोज पाणी घातलं. नवी पालवी फुटली आणि काल सेक्रेटरींनी सगळी उपटून तिथे प्लास्टिकचं गवत अंथरलं. म्हणे, जंगली दिसत होतं. हेच गृहस्थ तुझ्याकडून दोन पिशव्या घेऊन आले होते! माझा नुसता संताप होतोय. तुझं काय झालं असेल, ते आता कळतंय. ये म्हणेपर्यंत येणार नाही, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी
संचिता

तारोडी,
१९ एप्रिल

चि. संचितास आशीर्वाद.

प्लास्टिकचं गवत! वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाला पाण्याचा पेलासुद्धा देणार नाही.

इकडची बातमी अशी, की त्या लोकांच्या पिशव्यांतून काड्या सांडल्या होत्या. पाटाच्या ओलीवर त्या जागोजाग रुजल्या. विहिरीपासून फाटकापर्यंत पायवाटभर चिवळ पसरलीय, पाऊल ठेवायला जागा नाही. म्हणून फाटकाला कुलूप घातलंय.

तू मागच्या दाराने ये. डाळ भिजत घालते.

तुझी
आत्या