टाकीतल्या बाईचं उरलेलं पान

शनिवार, १ मार्च
पहिल्याच दिवशी फजिती! सोसायटीच्या क्लबरूममध्ये मुलांचा मराठी वाचनवर्ग — शिक्षक मी, वय त्रेसष्ट, अनुभव शून्य. चार मुलं आली. घरी सगळी मराठी बोलतात, पण पुस्तक उघडलं की एकेकाला तहान लागते. सशाची गोष्ट काढली, तर मधेच मलाच जांभई आली.

नऊ वर्षांची पवित्रा पुस्तकाकडे बघेचना. "अक्षरं हलतात, अज्जा." अज्जा! चक्क आजोबा! मला! घरी येऊन आरशात बघितलं. बरोबर म्हणते पोरगी.

मंगळवार, ४ मार्च
कमला म्हणाली, "अहो, भुताची गोष्ट लिहा. तुम्हाला पालीचीसुद्धा भीती वाटते, तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार?" सल्ला आणि टोमणा एकाच दमात. बायको माझीच.

शनिवार, ८ मार्च
आमच्याच गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत राहणारी बाई! मोठ्या अक्षरांत दोन पानं हातानं लिहून नेली. पहिलं वाचून दाखवलं — झाकण सरकतं, ओले केस बाहेर येतात... आणि थांबलो. "पुढचं तुम्ही वाचा."

पवित्रानं पान ओढूनच घेतलं. ओळीखाली बोट, एका ओळीला पाच मिनिटं — "ती... के... केस... विं... विंचरत..." बाकीची तिघं श्वास रोखून. पाणी प्यायला कोणी उठलं नाही. मी तर स्वतः लिहिलेलं विसरून घाबरलो.

सोमवार, १० मार्च
सोसायटीच्या ग्रुपवर बोंबाबोंब. दोन घरांतली मुलं अंघोळ करेनात. सेक्रेटरी गिरीराज विचारतात, "टाकीत बाई आहे, असं कोणी सांगितलं?" मी फोन उशीखाली सरकवला. कमलानं लिहिलं — "आमच्या ह्यांनी!"

दुपारी मुलांना गच्चीवर नेऊन टाकी उघडून दाखवावी लागली. झाकण गिरीराजनी उचललं. माझा गुडघा दुखत होता. (दुखत नव्हता.)

शनिवार, २२ मार्च
पवित्रानं अख्खं पान वाचलं! घामाघूम होऊन, पण तिचं तिनं. वर मलाच — "अज्जा, पुढच्या वेळी स्वल्प जास्त भीती घाला की!"

शुक्रवार, ४ एप्रिल
संध्याकाळी पवित्राची आई आली, महानंदा. बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून थेट, लॅपटॉपची बॅग खांद्यावरच.

"शाळेनं बोलावलं होतं, काका. तिन्ही भाषांत नापास. मी घरी पोचते आठला, तिला घेऊन बसणार कोण? जूनपासून निपाणीला ठेवते, माझ्या बहिणीकडे. ती शिक्षिका आहे. पवित्राला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका."

"पण ती वाचते हो. पानभर वाचते."

"भुताचं पान ना? सांगितलं तिनं. शाळेत भुतं विचारत नाहीत, काका."

यावर किती बोलता आलं असतं! मी म्हणालो, "सरी, सरी, ठीक आहे. निपाणीची हवा चांगली आहे." हवा! एवढी बाई टाकीतून बाहेर काढली, पण एका पोरीसाठी दोन वाक्यं निघाली नाहीत तोंडातून. स्वतःला मास्तर म्हणवतो.

शनिवार, ५ एप्रिल
वर्ग घेतला. पवित्राकडे बघवेना.

सोमवार, ७ एप्रिल
महानंदा सकाळीच दारात. फोन पुढे केला. निपाणीच्या बहिणीला तिनं लिहिलेलं — 'पवित्राला काही केल्या वाचता येत नाही. जूनपासून तुझ्याकडे ठेवून घे.' खाली बहिणीचं — 'पाठव.' आणि त्याखाली, महानंदाच्याच फोनवरून, पण तिनं न लिहिलेलं —

'मावशी मी हे वाचल. मी येनार नाही. पवित्रा'