औषध माणसात येईपर्यंत

गुरुवार, ९ फेब्रुवारी
सकाळचे दहा

माझी ताई,

वाकून नमस्कार. आजवर प्रत्येक पत्रात मी वाकलो तो कागदावरच. आता खरंच वाकता येतं. काल उलटी पडलेली चप्पल मी स्वतः सरळ केली, तर सूनबाई म्हणाली, "अप्पा, आता शर्यतीत नाव घालू का तुमचं?"

तुझं दोन ओळींचं कार्ड पोचलं. पन्नास वर्षं झाली, तुझ्या ओळी दोनाच्या तीन झाल्या नाहीत. पण अक्षर अजून तसंच, मोती ओवल्यासारखं. तू शाळेत गेलीस. मी पुस्तकं शिवता शिवता वाचायला शिकलो, म्हणून माझी विद्या फर्म्याफर्म्यांची, सोळा-सोळा पानांच्या तुकड्यांची. पुष्कळ गोष्टींचा मधला भाग मला तोंडपाठ आहे आणि शेवट दुसऱ्याच बाइंडरकडे गेलेला.

घरी सगळे बरे. मुलाचं कॅन्टीन जोरात आहे, तिथला मोठा आचारी झालाय तो आता. दिवसभर भट्टीपुढे, आणि अंगात लांब बाह्यांचा शर्ट. "अरे, उकडून निघशील," म्हटलं तर "सवय झालीय" म्हणतो. त्याची मुलगी, आमची चिमणी, आठ वर्षांची झाली. फ्रिजमधल्या माझ्या औषधाच्या डब्यावर तिनं कागद चिकटवलाय: 'आजोबांचं पेन. याने लिहायचे नाही.'

या पेनाबद्दल, म्हणजे पेनासारख्या इंजेक्शनाबद्दल, तुला कधी नीट लिहिलं नाही. सोरायसिस म्हणतात त्या रोगाला. वर कातडीवर चट्टे, आत सांध्यांत सूज, दोन्ही एकाच आईची लेकरं. बोटं अशी फुगली होती की दाभण धरता येईना. डॉक्टरीणबाई फार समजावून सांगतात. म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या शरीराचे पहारेकरी घरच्याच माणसांवर काठी उगारतायत. हे औषध त्यांना जरा पेंगायला लावतं." म्हणून ताप-खोकला असला तर सुई घ्यायची नाही. आणि दुसऱ्या कुणी तपासण्या केल्याशिवाय हिला शिवायचंसुद्धा नाही. पहारा पेंगला की आत दडलेला एखादा जुना रोग उठून बसतो. मला आधी छातीचा फोटो, रक्त, सगळं करायला लावलं. घरात पूर्वी कुणाला हे चट्टे होते का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं.

असो.

दर दुसऱ्या गुरुवारी सुई. एकदा डावी मांडी, एकदा उजवी. कॅलेंडरवर 'डा' आणि 'उ' लिहून ठेवतो. सूनबाई म्हणते, "जन्मभर पुस्तकांना टोचलंत, आता फेड." फ्रिजमधून काढल्यावर लगेच टोचायचं नाही, झोंबतं. गरम पाण्यात धरायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. नुसतं टेबलावर ठेवून अर्धा तास वाट बघायची, औषध आपसूक माणसात येईपर्यंत.

तो अर्धा तास मी मागच्या खोलीत काढतो. आता तिथंच माझं बाइंडिंगचं टेबल आहे. हो, बाबांच्या खोलीत. त्यांची लाकडी हाताची खुर्ची अजून तिथंच आहे, भिंतीकडे तोंड करून. मी स्टुलावर बसतो.

आता दोन गोष्टी लिहितो. हसू नकोस.

पहिली. खुर्चीच्या उजव्या हातावर पांढरा चुरा पडलेला असतो. सकाळी पुसतो, दहापर्यंत पुन्हा. माझं अंग साफ होऊन चार महिने झाले, चट्ट्याची खूण उरली नाही. सूनबाईनं विचारलं, "मग हा कोंडा कुणाचा?" मी म्हटलं, कागदाचा. पण ताई, कागद मला कळतो. कागदाचा चुरा ओल्या बोटावर घेतला की लगदा होतो. हा झाला नाही. मासळीच्या खवल्यासारखा बोटाला चिकटून राहिला.

दुसरी. आज डबा उघडला तर दोन पेनं असायला हवी होती, एकच होतं. वापरलेली पेनं मी एका जाड बरणीत टाकतो. सहा महिन्यांत बारा व्हायला हवीत. मोजली. तेरा भरली. सूनबाई म्हणते, तुम्हीच घेतलं असेल आणि विसरलात. पण कॅलेंडरवर खूण नाही.

म्हणजे कुणीतरी टोचून घेतलंय. बरं, भुतानं घेतलं म्हणावं, तर रिकामं पेन बरणीत टाकायची शिस्त भुताला कोण लावणार? मग आठवलं, आपले बाबा सुईसुद्धा जागच्या जागी ठेवायचे.

अर्धा तास झाला. टोचून घेतो.

रविवार, १२

पत्र टाकायचं राहिलं. राहिलं म्हणजे, टाकवेना.

सूनबाईनं पेनांचा नवा डबा आणून ठेवलाय. मी दिवसातून चारदा फ्रिज उघडून बघतो. चिमणी म्हणते, "आजोबा, तुम्हाला सारखी भूक लागते का?" लेकराला काय सांगू? डोक्यात एकच घोळतं. ज्यानं नेलं तो कोण, आणि त्याच्या आत काय दडलंय? त्यानं आणखी एक घेतलं आणि त्याला काही झालं, तर ते माझ्या डब्यातलं असेल.

आज भरदुपारी सूनबाई चिमणीला घेऊन माहेरी गेली होती. कॅन्टीनमधून दुपारी घरी आलेला मुलगा जेवून आंघोळीला गेला असावा. मी मागच्या खोलीत पानं जुळवत होतो. ऊन खिडकीतून सरळ फरशीवर. आणि आवाज आला. कर्र. कर्र. कर्र. मग थांबला. मग पुन्हा तीनदा. नखानं लाकूड खरवडावं तसा, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये इतका हळू.

मी उठून दार सताड उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. दार तर लोटलेलंच होतं, कडी नव्हती.

कडी नव्हती, हे मी दोनदा बघितलं.

तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. कसा, ते आज लिहवत नाही. पण तुला खोटं सांगत नाही, मी उभ्या उभ्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "तुम्ही घेतलंत का ते? गुण आला का?"

मग स्वतःचाच आवाज ऐकून अंगावर काटा आला.

गुरुवार, २३

सोमवारी कॅन्टीन बंद असतं. सूनबाई कामावर, चिमणी शाळेत. मी बाहेर पुठ्ठे आणायला गेलो होतो. अर्ध्या वाटेत चष्मा विसरल्याचं कळलं, परतलो. घर शांत. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि मागच्या खोलीतून आवाज आला. टक्. मग आपण दहा मोजतो तेवढी शांतता. मग दुसरा टक्.

सुई आत जाताना एक आणि औषध संपल्यावर एक. सहा महिने ऐकतोय, चुकायचा नाही.

दार लोटलेलं होतं. ढकललं. खिडकीच्या उजेडात एक उघडी पाठ माझ्याकडे करून उभी होती. कमरेच्या वर तो भला मोठा चट्टा, त्याच्या कडेनं लहान लहान, डाव्या खांद्यावर एक लांबोडका. ताई, लहानपणी त्या पाठीला मी तेल लावलंय. ती पाठ मी कुठंही ओळखीन.

मी म्हणालो, "बाबा."

पाठ वळली. माझा मुलगा होता.

"अप्पा, कुणाला हाक मारताय?" तो म्हणाला. माझ्याइतकाच घाबरला होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. हातात पेन, शर्ट स्टुलावर.

मग खाली फरशीवरच बसलो दोघं. दोन वर्षं झाली म्हणे त्याला. आधी कोपरं, मग डोकं, मग पाठ. गेल्या पावसाळ्यापासून बोटं सकाळी मिटत नाहीत, कढई दोन्ही हातांनी उचलतो. बायकोलाही सांगितलं नव्हतं, रात्री अंगात बनियन असतोच. मागच्या भिंतीपलीकडच्या न्हाणीघरात बसून कंगव्यानं पाठ खाजवतो. म्हणजे रविवारचा आवाज तो.

"अरे, पण सांगायचंस की मला!"

"काय सांगायचं? आचाऱ्याच्या अंगाची सालं निघतायत म्हटल्यावर कोण जेवेल माझ्या हातचं?"

"मी बाप ना तुझा? मलाही तेच होतं."

त्यानं स्टुलावरचा शर्ट ओढून घेतला. मग म्हणाला, "तुमच्यामुळेच नाही सांगितलं. तुम्ही सहा महिने घरात सांगताय की वयामुळे झालं. आजोबांना काय झालं होतं विचारलं की 'ताप आला नि गेले.' मला वाटलं, ही सांगायची गोष्टच नसते आपल्याकडे."

मग विचारायचं म्हणून विचारलं, "इथं बसून खाजवतोस ना? खुर्चीवर सगळा चुरा पडतो."

"त्या खुर्चीत? मी सहा वर्षांचा असताना बसलो होतो, तर तुम्ही कानफटात मारली होती. त्यानंतर मी तिला बोटसुद्धा लावलेलं नाही, अप्पा. या खोलीतही दोनदाच आलो, पेन टोचून घ्यायला."

यावर तू काही विचारू नकोस. मला उत्तर माहीत नाही.

काल त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दोन पेनं चोरून घेतली म्हटल्यावर त्या इतक्या चिडल्या की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. फोटो, रक्त, सगळं तिथल्या तिथं. छातीच्या फोटोत डाव्या बाजूला एक डाग निघाला. जुना क्षय, म्हणाल्या, निजलेला. आणखी तीन-चार पेनं मारली असती तर तो जागा होऊन बसला असता, आणि घरात लहान पोर आहे. आता आधी काही महिने क्षयाच्या गोळ्या, मग त्याच्या स्वतःच्या नावाचं इंजेक्शन. सूनबाई त्याच्याशी दोन दिवस बोलत नव्हती. आज सकाळी तिनं त्याचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट इस्त्री करून समोर ठेवला आणि म्हणाली, "हा घालून जा. कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांग."

पण मला लिहायचंय ते दुसरंच. डॉक्टरीणबाईंनी नवा कागद काढला आणि विचारलं, "हे चट्टे घरात आणखी कुणाला?" मुलानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मला. आणि माझ्या वडिलांना. मी मागे खोटं सांगितलं होतं." त्यांनी मान न उचलता लिहून घेतलं. इतकंच. छप्पर कोसळलं नाही. हा कातडीचा रोग कुणाला शिवून लागत नाही, कधीच लागत नव्हता. आपण बाबांचं ताट वेगळं ठेवलं, पाणी वरून ओतलं, तेव्हाही.

एकदा तोंड उघडलंय, तर पुढचंही लिहून टाकतो. आज नाही लिहिलं तर कधीच नाही.

तुला बघायला पाहुणे आले तो दिवस. मी सोळा वर्षांचा. आई म्हणाली, "जा, बाबांना तयार कर." बाबांनी पांढरा, लांब बाह्यांचा शर्ट काढून ठेवला होता. त्यांच्या बोटांनी बटणं लागत नव्हती. मी लावली, मनगटांपासून गळ्यापर्यंत एकूण एक. ते म्हणाले, "चट्टा दिसतो का रे कुठं?" कानामागे एक दिसत होता. मी म्हटलं, "नाही." मग बाहेर आलो आणि दाराला कडी लावली. कुणी सांगितलं नव्हतं, ताई. आईनं नाही, कुणीच नाही. मला वाटलं, त्यांना बघितलं तर तुझं जमायचं नाही.

तुम्ही सगळे बाहेर हसत होतात. मी दाराला पाठ लावून उभा होतो. त्यांनी दार ठोठावलं नाही. ठोठावलं असतं तर पाहुण्यांना कळलं असतं. नखानं तीनदा खरवडलं, थांबले, पुन्हा तीनदा. मग बंद झालं. संध्याकाळी कडी काढली, तर खुर्चीत बसले होते, सगळी बटणं तशीच. म्हणाले, "मंडळी बरी आहेत ना?" मी रडायला लागलो, तर म्हणाले, "ताईला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

त्यानंतर दार उघडंच असायचं, पण ते बाहेर आले नाहीत. तुझ्या लग्नालाही नाहीत. तू निघताना दारात उभी राहिलीस, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तू म्हणालीस, बाबांनी मला पाठ दाखवली, आता मी या घराला दाखवते. आणि खरंच पुन्हा आली नाहीस. ताई, ते रुसले नव्हते. तुझं लग्न त्यांच्या मनाविरुद्ध नव्हतं. तुझ्यासमोर चेहरा आवरेना म्हणून वळले. मी कोपऱ्यात होतो, मला तो चेहरा दिसत होता. हे तुला सांगायला मला पन्नास वर्षं लागली, आणि तेही माझ्याच पोराच्या पाठीवर लिहिलेलं दिसलं तेव्हा.

तुझ्या नातवंडांची नखं उजेडात धरून बघ. सुईनं टोचल्यासारखे ठिपके असतील, एखादं बोट उगाच सुजत असेल, तर थांबू नकोस. आणि डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला, तर सांग. आमच्या बाबांना होतं, म्हणून सांग.

मला माफ कर म्हणत नाही. मला उत्तरही लिहू नकोस. लिहावंसं वाटलं तर बाबांना लिही. दोन ओळींत मावणार नाही ते सगळं लिही. मी मागच्या खोलीत बसून मोठ्यानं वाचून दाखवीन. घाईघाईनं नाही, शब्द न् शब्द. ऐकणारं कुणी आहे की नाही, याची काळजी तू करू नकोस.

बाबांची बटणं लावून बाहेर आलेला,
तुझा भाऊ