तिन्ही उत्तरं फक्त आम्हा दोघांना माहीत

२ मार्च, सकाळी सहा

वाचनालयात २३ तारखेला माझं व्याख्यान. विषय मीच सुचवला: 'ओळखीची चोरी आणि जागा नागरिक'. ग्रंथपालबाई म्हणाल्या, विषय तांत्रिक आहे, बँकेतल्या कोणाला बोलावू का? मी म्हणालो, बाई, तंत्र दुय्यम. समाज झोपलाय, त्याला गदागदा हलवणं हे वक्त्याचं काम. लोक मला तोफ म्हणतात ते उगाच नाही. (काही जण वेगळ्या अर्थानं म्हणतात. दुर्लक्ष.)

संकल्प: बोलण्याआधी करून दाखवायचं. आधी घर, मग समाज. तीन आठवडे आहेत. तीन आठवड्यांत साम्राज्यं बुडाली आहेत, एक घर सावरायला किती लागणार?

५ मार्च

कागद कापायचं यंत्र आणलं. आमचं नाव असलेला एकही कागद यापुढे घराबाहेर अखंड जाणार नाही. दुपारपर्यंत चार पिशव्या चुरा. त्यात मिक्सरचं वॉरंटी कार्ड होतं असं बायको म्हणते. पुरावा नाही. म्हणाली, त्यापेक्षा दोन उंदीर पाळले असते, वीज तरी वाचली असती.

क्रांतीला पहिला विरोध घरातूनच होतो.

६ मार्च

घरातले सगळे पासवर्ड बदलले. प्रत्येकी बावीस अक्षरं. कुठेही लिहून ठेवले नाहीत.

७ मार्च

एकही आठवत नाही. पासवर्ड भक्कम असल्याची ही खूण आहे.

९ मार्च

ताईकडे गेलो. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. छत्तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होती. अजून सगळे तिला सिस्टरच म्हणतात.

टेबलावर तिची लाल वही उघडी. तिच्या हातून जन्मलेल्या मुलांची सहाशे बारा घरं त्यात आहेत. बाळाची तारीख, आईचं नाव, पत्ता, फोन. रोज सकाळी चहा घेता घेता ती त्या तारखेची नावं बघते आणि ज्याचा वाढदिवस त्याच्या घरी फोन लावते. त्यातले काही आता स्वतः बाप झालेत, आणि त्यांच्या बायका बाळाला ताप आला की आधी ताईला विचारतात, मग डॉक्टरला.

मला घाम फुटला. सहाशे बारा कुटुंबं आणि साधं कुलूप नाही! म्हणालो, ताई, ही भर चौकातली उघडी तिजोरी आहे. ती म्हणाली, अरे, तीस वर्षं याच टेबलावर पडलीय. चोर आलाच तर त्याचाही वाढदिवस निघेल यात.

विनोद बरा होता. पण विनोदानं समाज वाचत नाही.

१५ मार्च

सहा संध्याकाळी बसून सगळी वही टाइप केली. ताईच्या नावानं मेलचं खातं उघडून यादी त्यात ठेवली. मग वही यंत्रात घातली. पुठ्ठा अडकला, तो हातानं फाडला. ताई दारात उभी होती. म्हणाली, राहू दे ना रे, मी कपाटात ठेवते, कुलूप लावते. मी म्हणालो, सुरक्षेत भावनेला जागा नाही. एकच प्रत, तीही तटबंदीच्या आत.

तिनं खाली सांडलेला चुरा गोळा केला. पटलं असावं.

१६ मार्च

ताईला बावीस अक्षरं जमेनात. चष्मा पुसून तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा खातंच बंद झालं. तोडगा काढला. पासवर्ड विसरला तर खातं तीन प्रश्न विचारेल: आईचं माहेरचं आडनाव, पहिल्या शाळेचं नाव, लहानपणीच्या कुत्र्याचं नाव. तिन्ही उत्तरं जगात फक्त आम्हा दोघांना माहीत. (इथेही लिहीत नाही. ही वही कोणाच्याही हाती लागू शकते.)

खात्याला फोन नंबर जोडायचा का, असंही विचारत होतं. नाही म्हटलं. माहिती जितकी कमी द्याल तितके सुरक्षित.

१९ मार्च

बायकोसमोर भाषणाची तालीम. ती भाजी निवडत होती. अर्ध्या तासानं विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, अहो, आकडे फार झालेत, लोक जांभया देतील. काहीतरी स्वतःचं सांगा, लहानपणचं वगैरे.

तिला वक्तृत्वातलं कळत नाही. पण सूचना घेतली. मोठा माणूस कोणाकडूनही घेतो.

२३ मार्च, संध्याकाळी साडेसात

जिंकलो!

अठ्ठ्याऐंशी माणसं. मागे काही उभी. सुरुवातच अशी केली: ओळख म्हणजे कार्ड नव्हे, आकडा नव्हे, ओळख म्हणजे आपली मुळं! तिथून आईवर आलो. तिचं माहेर, ते घराणं. आडनाव दोनदा उच्चारलं, दुसऱ्यांदा सावकाश. मग पहिली शाळा, गळक्या छपरासकट आणि नावासकट. मग आमचा कुत्रा. तो गेला त्या सकाळी मी त्याला नावानं तीन हाका मारल्या होत्या. त्या तिन्ही हाका मंचावरून मारल्या. दुसऱ्या रांगेत दोन बायकांनी डोळे पुसले. समारोपाला आदर्श म्हणून ताईचं खातं सांगितलं, मेलच्या पत्त्यासकट आणि आतल्या सहाशे बारा घरांसकट.

ताई पहिल्या रांगेत होती. शाळेपाशी तिनं हात वर केला. मी हातानंच थांबवलं, प्रश्न शेवटी. कुत्र्यापाशी तर ती उभीच राहिली. भावनावेग, दुसरं काय. शेवटी प्रश्नांना वेळ उरला नाही.

घरी येताना म्हणाली, अरे, तू तिन्ही सांगितलंस. मी म्हणालो, हो, तिन्ही किस्से जमले. ती चालायची थांबली. म्हणाली, ते प्रश्न आजच्या आज बदल. मी म्हणालो, आज घसा बसलाय. उद्या.

२५ मार्च

ग्रंथपालबाईंनी भाषणाचा व्हिडिओ वाचनालयाच्या पानावर टाकला. आत्तापर्यंत तीनशे चाळीस जणांनी पाहिला. एका अनोळखी श्रोत्यानं खाली लिहिलंय: अप्रतिम! पण शाळेचं नाव नीट ऐकू आलं नाही, कोणती म्हणालात?

इतकी आस्था हल्ली कोण दाखवतं? शाळेचं पूर्ण नाव कळवलं.

प्रश्न बदलायचे राहिले. उद्या.

२७ मार्च

ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. पाणीपुरवठ्यात तेवीस वर्षं काढली, हे पहिल्यांदा. प्रश्न उद्या नक्की.

२८ मार्च, सकाळी अकरा

घात झाला.

ताईच्या नावानं सहाशे बारा घरांच्या मोबाइलवर निरोप गेलाय: मी परगावी दवाखान्यात आहे, तातडीचं ऑपरेशन आहे, फोन बंद आहे, जमेल तेवढी मदत खालच्या खात्यावर पाठवा. आणि लोकांनी पाठवली! सिस्टरनं कधी कोणाकडे साधी साखर मागितली नव्हती, म्हणूनच पाठवली.

खातं उघडायला गेलो. पासवर्ड बदललेला. तिन्ही उत्तरं दिली, तीही बदललेली. यादी आत आणि आम्ही बाहेर. चौकशीला ज्यांचे फोन आले ते सावध झाले. बाकीच्यांना कळवायचं कसं? ताईच्या फोनमध्ये माझा, बायकोचा आणि गॅसवाल्याचा, एवढेच नंबर. बाकी सगळे ती वहीतून बघून लावायची.

ताई म्हणाली, वही असती तर दुपारपर्यंत सगळ्यांना फोन झाले असते.

ऐकू आलं नाही असं दाखवलं.

दुपारी तीन

संशय झेरॉक्सवाल्यावर. जगभरातल्या माहितीची वाट त्याच्या दुकानातून जाते. तिथे उभा राहून बारा मिनिटं बोललो, विश्वासघात हा शब्द पाच वेळा आला. तो शांतपणे कागद सरळ करत होता. म्हणाला, साहेब, सिस्टरचा एक कागद माझ्याकडे आला असेल तर शपथ. आणि तुम्ही घरी ते यंत्र आणल्यापासून तुमचाही येत नाही. गिऱ्हाइकं हसली.

संशय कायम. थोडा कमी.

२९ मार्च

ताईला घेऊन पोलीस ठाण्यात. टेबलापलीकडे माझ्या मुलीच्या वयाची हवालदार. म्हणाली, काका, ती उत्तरं कोणाकोणाला माहीत होती? मी ठामपणे म्हणालो, फक्त आम्हा दोघांना. तिनं ताईकडे पाहिलं. ताईनं टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं.

हवालदारबाईंनी वाचनालयाचं पान उघडलं. अकराव्या मिनिटाला आडनाव. चौदाव्याला शाळा. सोळाव्याला मी कुत्र्याला हाका मारतोय. आवाज मोठा होता. रांगेतल्या एकानं मान वळवून कुत्रा शोधला. खाली शाळेबद्दलचं माझं लेखी उत्तरही होतं, ते तिनं मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, खात्याला फोन जोडला असता तर परत मिळालं असतं, का नाही जोडला? मी म्हणालो, सुरक्षेसाठी. तिनं ते तसंच तक्रारीत लिहिलं.

वक्त्यानं सभेला कधी पाठ दाखवू नये. आज दाखवली. दार उलट्या बाजूनं ढकलत राहिलो, ते ओढायचं होतं.

३० मार्च

ऑफिसला गेलो नाही. अंगात कणकण. थर्मामीटर काही म्हणो.

नीट विचार केला तर मूळ दोष बायकोच्या सूचनेत आहे. तिला तसं सांगितलं. ती एकच वाक्य बोलली: अहो, लहानपणचं सांगा म्हटलं होतं, सगळं सांगा नव्हतं म्हटलं. मग म्हणाली, ताईंचा फोन आज एकदाही वाजला नाही. सकाळपासून त्या त्याच्यासमोर बसून आहेत. चहाही तसाच आहे.

व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, काढते, पण चार हजार झाले हो!

१ एप्रिल

ताई घरी आली. चपला घालूनच उभी. म्हणाली, चल, घरोघर जायचंय, मी आठवते, तू लिहून घे. तिला आठवतं ते असं: पाण्याच्या टाकीमागे जुळ्या मुली, उलट्या आल्या होत्या. बेकरीच्या वर, नऊ महिने ज्यानं आईला झोपू दिलं नाही तो. पत्ते नाहीत, बाळंतपणं आठवतात.

आज अकरा घरं. प्रत्येक दारात ती एकच सांगते: माझ्या नावानं काही आलं असेल तर ते मी नाही पाठवलं. कोणी मदत पाठवली असेल तर चूक माझी, मला माफ करा.

चूक माझी! हे तिनं अकरा वेळा म्हटलं. मी मागे वही घेऊन उभा. उद्या पहिल्याच दारात सत्य सांगणार. सत्य हाच माझा धर्म आहे.

२ एप्रिल

चौदा घरं. पहिल्या दारात म्हातारे आजोबा होते, त्यांना धक्का नको म्हणून बोललो नाही. नंतर प्रसंग जुळून आला नाही. पण मुद्दे काढले. सुरुवात, मध्य, शेवट. साधारण नऊ मिनिटं. उद्या नक्की.

३ एप्रिल

बोललो नाही. एका घरी ताईला माफ करा म्हणताना उचकी लागली. मी घसा खाकरला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाणी मागितलं.

एक विशेष: लोक माझ्याशी फार प्रेमानं वागतात. खुर्ची देतात, पाणी देतात. भाषणाचा विषय कोणी काढत नाही. विसरले असावेत. समाजाची स्मरणशक्ती अल्प असते हे मी नेहमीच सांगत आलोय. आज प्रथमच त्याचं बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली.

५ एप्रिल

एकूण एकसष्ट घरं. ताईचे पाय सुजलेत. बायको तिला म्हणाली, ताई, दोन दिवस थांबा. ताई म्हणाली, थांबले तर आणखी कोणी पाठवेल. रात्री जेवताना माझ्या पानात बायकोनं वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

उद्या सांगणार. नऊ मिनिटांची पाच केली.

६ एप्रिल, दुपारी दोन

आज तिसरा मजला. शिवणकाम करणारी बाई, नवरा नाही, एक मुलगी. नवं मशीन घ्यायला ठेवलेलं सगळं तिनं 'सिस्टर'ला पाठवलं होतं, असं काल एका दारात कळलं. तिला भेटायचं म्हणून ताई पहाटेच उठली होती.

बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं, आत साखळी. बाई म्हणाली, कोण? ताई म्हणाली, मी सिस्टर. आतून उत्तर आलं, हल्ली कोणीही सिस्टर होतं.

ताई जिन्यात एक पायरी खाली सरकली, उजेडात चेहरा दिसावा म्हणून. म्हणाली, अगं, तुझी मुलगी जन्मली तेव्हा रडलीच नव्हती. मी तिला पालथी धरून पाठीवर थापटलं. तू ओरडलीस, मारू नका तिला. मग ताई नेहमीचं सुरू करायला लागली: चूक माझी.

मला सहन झालं नाही. एकदम म्हणालो, नाही, चूक माझी. उत्तरं मी सांगितली, वही मी फाडली. एवढंच. पाच मिनिटांतली साडेचार उरली.

साखळी निघाली. बाई दारात उभी, डोळे लाल. माझ्याकडे बघून म्हणाली, ठाऊक आहे हो. सगळ्यांनाच ठाऊक आहे, व्हिडिओ घराघरात पाहिलाय. पण सिस्टर दारात आल्या की तुमच्याबद्दल काही बोलू नका म्हणून डोळ्यांनी खुणावतात, असं टाकीमागची जुळ्यांची आई सांगत होती. आत्ताही खुणावत होत्या बघा.

मी ताईकडे पाहिलं. ती वरच्या बल्बकडे बघत होती.

बाईनं ताईचा हात धरून तिला आत नेलं. मलाही या म्हणाली. मी जिन्यातच बसलो, हे तिथेच लिहितोय. बासष्ट दारं, सहा दिवस. प्रत्येक दारात मी तिच्या मागे उभा होतो. मला फक्त तिची पाठ दिसत होती.