चुडाव्यात छबू कोण?

३ जानेवारी १९८७, शनिवार

बसला एकदाचा! दुकानात, साखरेच्या पोत्याशेजारी, काळा फोन. स्टेशनातला सोडला तर चुडाव्यात दुसरा नाही. अर्ज ह्यांनी केला आणि हे दिवसभर पूर्ण्याला, माल आणायला. मग सांभाळायचा कोणी? मी! सातवी पास, फोन फक्त सिनेमात पाहिलेला.

लाईनमन म्हणाला, वहिनी, लय सोपं हाय, दांडी फिरवायची, पूर्ण्याचा ऑपरेटर बोलतो, त्याला सांगायचं. फिरवली. तिकडं भगवानराव म्हणून ऑपरेटर. पहिलाच प्रश्न — "फोन कोणाच्या नावावर?" झाली का पंचाईत! नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घेऊ? मी मुकाट उभी, तो हॅलो हॅलो करतोय. शेवटी आतून सासूबाई — मी आत्या म्हणते त्यांना — म्हणाल्या, "सांग की बन्सीधर म्हणून. देव काय तारेत बसून ऐकायलाय?"

सांगितलं. कान तापले. पण सांगितलं.

५ जानेवारी

बाहेरून फोन आला की माणसाचं नाव सांगतात. ते माणूस कोणतं, कोणत्या गल्लीतलं, आत्ता घरी की रानात — हे मला ठाऊक पाहिजे. म्हणजे अख्खं गाव डोक्यात घेऊन बसायचं. ह्यांना म्हटलं, मला जमायचं नाही. हे हसले. "गावाच्या चौकशा तर तू फुकटच करतीस."

दिवसभर बोलले नाही मी ह्यांच्याशी.

७ जानेवारी

मेले शरमेनं! परभणीहून फोन — मुंजाजीला निरोप द्या, मुलगा झाला. मी धाडला निरोप. शेळ्यावाल्या मुंजाजीनं गल्लीभर गूळ वाटला, मला पण आणून दिला. आणि त्याची बायको घरीच, चुलीपुढं भाकरी थापत बसलेली! निरोप होता पानपट्टीवाल्या मुंजाजीचा. त्याची बायको बाळंतपणाला गेलेली. आता शेळ्यावाल्याच्या बायकोला गाव विचारतंय, बाई, कधी झालं गं?

आत्या डोळ्याला पदर लावून हसत होत्या. इतक्या हसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

८ जानेवारी

फोनच्या वरच्या भिंतीवर खडूनं लिहिलं. मुंजाजी — शेळ्या. मुंजाजी — पानपट्टी. मुंजाजी — नुसताच (ह्याची काही खूणच सापडेना). लिंबाजी — रेल्वे. लिंबाजी — तोतरा. तोतरा लिंबाजी बिडी घ्यायला आला, वाचलं, रागावला. पुसून 'विहिरीजवळ' केलं.

भगवानराव म्हणाले, वहिनी, आता तुमी पक्क्या झाल्या. लय बरं वाटलं.

१२ जानेवारी, सोमवार

आज वाईट झालं.

जालन्याहून फोन. म्हातारा आवाज. "छबू हाय का? तिचा भाऊ बोलतोय, आसाराम." भिंतीवर आता बायकांची नावं पण लिहिलेली, ती पाहिली. म्हटलं, छबू नावाचं इथं कोणी नाही. तो खोकला. मग म्हणाला, "गेली का?"

न्हाई न्हाई, शोधते, म्हटलं. तो म्हणाला, "चुडाव्यातच दिली व्हती. भांडण झालं, तवापासून येणंजाणं न्हाई. येत्या सोमवारी परत लावतो. तवाबी न्हाई सापडली तर समजतो, गेली म्हणून." ट्रंककॉलची तीन मिनिटं संपली, तुटलं.

माझ्या एका वाक्यानं मी कोणाची तरी जिवंत बहीण मारून टाकली.

१३ जानेवारी

भाकरी थापताना डोक्यात आलं. मूर्ख बाई! मी कुठं कमल आहे? मी तर बायना. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं कमल लिहिलं आणि बायना माहेरीच राहिली. माझा भाऊ उद्या बायना आहे का विचारेल तर चुडाव्यात कोण हो म्हणेल? छबूचंही तसंच असणार. माझ्या भिंतीवर सगळी सासरची नावं!

आता संक्रांतीला बायका येतीलच.

१५ जानेवारी

काय मजा आली! हळदीकुंकवाला सगळ्या सुना. म्हटलं, नवऱ्याचं नाव नको, उखाणा नको, जिनं तिनं माहेरचं नाव सांगायचं. आधी लाजल्या. मग सुमनबाई म्हणाली, मी दगडी. सासूनं ऐकल्याबरोबर बदललं. कुसुमबाई निघाली ठकू. शेळ्यावाल्याची बायको चंद्रभागा — ते नाव घेताना तिचे डोळे भरून आले, म्हणाली, आई गेल्यापासून कोणी हाकच मारली नाही. मग सगळ्या जणी एकमेकींना त्याच नावांनी हाका मारत घरी गेल्या. गल्लीत नुसता कालवा.

आत्या मागच्या खोलीत तीळगूळ वळत बसल्या होत्या. मामंजी गेल्यापासून हळदीकुंकवाला पुढं येत नाहीत. मला ते मुळीच आवडत नाही. पण त्यांच्यापुढं बोलायची हिंमत होत नाही.

छबू मात्र कोणीच नाही.

१६ जानेवारी

पाटलाच्या मळ्यातल्या सुना राहिल्या होत्या. जाऊन आले. पायात काटा मोडला. छबू नाही.

१८ जानेवारी, रविवार

स्टेशनच्या क्वार्टरात विचारलं, मारुतीच्या मागं विचारलं. नाही. उद्या त्या म्हाताऱ्याला काय सांगू? जेवण गेलं नाही. ह्यांनी पण चेष्टा केली नाही आज.

आत्यांनी ताट सरकवलं. म्हणाल्या, "जेव. त्या जालनेवाल्याचा आवाज कसा व्हता गं?" खोकत होता, म्हटलं. त्या उठून आत गेल्या.

१९ जानेवारी, सोमवार

फोन वाजला तेव्हा मी ताक घुसळत होते. हात पुसून येईस्तोवर आत्यांनी उचललेला. गावातल्या सगळ्या सुनांना विचारलं मी. ह्याच घरात माझ्या आधी आलेल्या सुनेला विचारायचं सुचलंच नाही.

आत्या म्हणाल्या, "आसाराम, छबू बोलायली रे. जितीच हाय मी."