म्हसाच्या जत्रेत गोठलेलं रोगण

बाबा, तुमची-माझी तक्रार एकच होती. आपल्या रानातलं लाकूड स्वस्तात नेणारे व्यापारी गाडीच्या चाकांचं रोगण मात्र आपल्यालाच महाग विकायचे. युद्धात तर ते मिळेनासंच झालं. तुम्ही मुंबईचा रंगाचा कारखाना सोडून मुरबाडला आलात, रोगणासाठी अळशीचं तेल कढवू लागलात. मी भाषणं करू लागलो. तुमच्या कामाला आवाज नव्हता, म्हणून मला ते लहान वाटायचं.

म्हसाच्या जत्रेत आपण चूल मांडली. दिवस मावळायच्या आत चाकांना आपलं रोगण लागेल, असं मी बैलगाडीवर उभा राहून सांगून टाकलं आणि जाळ वाढवला. तुम्ही काचेच्या नळीत थोडं तेल घ्यायचात, निववायचात, त्यात गोटी सोडायचात. तेल दाटलं की गोटी सावकाश उतरते. त्यावरून काम किती झालं ते कळतं. त्या दुपारी गोटी भरभर उतरली, आणि तुम्ही म्हणालात, "विस्तव ओढ."

"अजून पातळ आहे की!"

"नाय रे, गोटी फसवतेय. एवढ्या जाळावर ती रेंगाळायला हवी होती. तेलाचे कण साखळीसारखे जोडले जातात. सरळ साखळी सुतळीसारखी पसरते, अडते. हिला फांद्या फुटल्यात, ती गोळा होऊन बसते. म्हणून तेल पातळ भासतं, काम मंदावलंय असं वाटतं. आत ते जोरात चाललंय. फांदीत फांदी गुंतली की सगळं एकदम गोठेल."

गर्दीतून कुणी ओरडलं, "तुझा बापूस तेलाची पत्रिका बघतोय काय रे?"

मी म्हणालो, "आमचे बाबा पुस्तकातल्या फांदीवर बसलेत, उतरायला भितात!"

लोक खो खो हसले. तुम्ही धोतराला हात पुसून बाजूला झालात. मी आणखी एक ओंडका सारला. थोड्याच वेळात तेल थरथरलं आणि खरवसासारखं बसलं. ढवळायची काठी त्यात उभीच राहिली. तुम्ही एवढंच म्हणालात, "आता याच्यापुढं भाषण कर."

ते मी केलं. पुढच्या आठवड्यात शहापूरच्या सभेत सांगितलं, व्यापाऱ्यांनी तेलात भेसळ केली. तुम्ही पहिल्या ओळीत मान खाली घालून बसला होतात. टाळ्या थांबेनात. त्यानंतर तुम्ही चूल मांडली नाहीत, आणि लोक पुन्हा व्यापाऱ्यांच्या दारात गेले.

तुम्ही गेलात, पण अजूनही सभेत माणसं शांत बसली की मला वाटतं, आत काहीच चाललेलं नाही; मी जाळ वाढवतो. हा कागद पेटीतच राहील. तो जिवंत माणसाला दाखवायची माझी छाती नाही. उद्या शहापुरात सभा आहे. बाबा, पहिल्या ओळीत बसा, पण या वेळी गप्प राहू नका. सगळ्यांदेखत ओरडा: विस्तव ओढ.